कागदावरची सहल

हाताखालचं माणूस 'नाही' म्हणत नाही, म्हणून पुन्हा त्यालाच हाक मारायची, ही सवय आपल्यापैकी कुणाला नाही? आर्नेललाही होती.

कोलोराडोच्या डोंगरातल्या एका मोठ्या हॉटेलात तो धुलाईखात्याचा मुकादम होता. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर फिलिपिन्समधल्या त्याच्याच इलोइलो गावाहून आलेल्या मुली त्याला 'कुया', म्हणजे थोरला भाऊ म्हणत. आठ तास भरले की हजेरीयंत्रावर त्यांची सुट्टी नोंदली जाई. मग कुया हसून म्हणे, "घरच्याच ना गं तुम्ही? चार चादरी फिरवा की!" त्या चार चादरींना चार तास लागत. त्या वेळात मुली व्हिसाच्या अटीप्रमाणे अमेरिका पाहत होत्या, असं लिहिलेल्या कागदावर आर्नेल आधीच सही करून ठेवी.

एका शनिवारी त्यांच्यातली जोव्हिलिन पहाटे चारपासून कामावर उभी होती. दुपारी तीनला तिचा डोळा लागला आणि उजवा हात इस्त्रीयंत्राच्या तापलेल्या रुळांत ओढला गेला. तीन बोटं गेली.

व्यवस्थापकाने आर्नेलला बजावलं, "कागदावर ती संग्रहालय पाहायला गेली होती. लवकर परतली, गंमत म्हणून यंत्राला हात लावला. चौकशीत एवढंच सांग." म्हणजे उपचारांचा खर्च तिच्याच माथी आणि पोरीची रवानगी घरी!

टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या वयस्क क्लेरितामावशींनी विचारलं, "जेवलास का रे?"

"भूक नाही, मावशी. खरं बोललो तर नोकरी जाईल. आणि मी काही जबरदस्ती केली नाही. ती हो म्हणाली."

"थोरल्या भावाला ती नाही म्हणणार नाही, हे तुला ठाऊक होतं," मावशी हळूच म्हणाल्या. "म्हणूनच तर तू तिला बोलावलंस! रविवारी देवासमोर गुडघे टेकतोस ना? तिथेही हाच कागद दाखव."



आर्नेल चौकशी अधिकाऱ्यासमोर उभा राहिला. "साहेब, ती कुठेच गेली नव्हती! एकदाही नाही! मीच थांबवून घेत होतो. सगळ्या सह्या खोट्या आहेत!"

जोव्हिलिनच्या उपचारांचा भार हॉटेलवर पडला. आर्नेलची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. दवाखान्यात त्याने तिची क्षमा मागितली. ती भिंतीकडे पाहत एवढंच म्हणाली, "आईला हाताचं कुणी सांगितलं नाही ना?"

वाचकहो, आपुलकीच्या नावाने करवून घेतलेले कष्टही लूटच असते. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या विसाव्याची राखण आपणच करायची असते.