काळ्या कोटावरचा रफू

"कुठाय? बोट ठेवून दाखव!" मावशीने कोट उंबऱ्यावरच्या उन्हात धरला.

लाँड्रीवाल्याने खांद्यावर बोट ठेवलं. "हा काय, ढळढळीत दिसतोय."

"मला तुझं बोट दिसतंय. नखं काप. रफू कुठाय?"

"आता काय बोलावं! वकीलसाहेबांनी गिऱ्हाइकांसमोर कोट माझ्या अंगावर फेकला. म्हणाले, याच्यापेक्षा भोक बरं होतं."

मावशी तोंडाची फटकळ, पण सुईची अशी गरीब की आपल्याला टोचलं हे कापडालाही कळू द्यायची नाही. रफू करणाऱ्याची परीक्षा एकच: ज्याने केला त्यालाही तो पुन्हा सापडता कामा नये. तिला तो सापडत नव्हता. मग चूक कुणाची?

"नाचता येईना अंगण वाकडं. दुकानातल्या दिव्याखाली रंग बघतोस आणि मला शिकवतोस. रंग बघावा तो उन्हात."

"उन्हातच उभा आहे की, मावशी."

तेही खरंच होतं. याच उंबऱ्यात, ऊन सरकेल तशी चटई सरकवत तिने जन्म काढला होता. लहानपणी गोवराने एक डोळा नेला. उरलेल्या एकावर तिने संसार ओढला, नवऱ्याचं आजारपण काढलं, मुलाला मार्गी लावलं. त्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकला आणि गेल्या हिवाळ्यात तो काढावा लागला. नवीन भिंग काही केल्या आत बसेना, तेव्हा डोळा भिंगाविनाच ठेवून वर जाड काचेचा चष्मा दिला.

आतून सून आली. "आई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतंय ना?"

"तिला काय, बोलायचेच पैसे मिळतात."

पण आठवत होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, की उजेडातले तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग तेवढे आपल्याला दिसतात. जांभळ्याच्या पलीकडेही किरण असतात, अतिनील म्हणतात त्यांना, अल्ट्राव्हायोलेट. ते दिसत नाहीत, पण स्वस्थही बसत नाहीत. कातडी रापवतात, पडदे विटवतात, वर्षानुवर्षं उन्हात बसणाऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू लवकर आणतात. डोळ्यातलं भिंग त्यांना दारातच अडवतं. "तुमचं दारच निघालंय, मावशी. त्यामुळे दुसऱ्यांना दिसत नाही असं काहीबाही तुम्हाला दिसेल. जांभळट, निळसर. आणि आम्हाला सारखे वाटणारे दोन रंगही तुम्हाला वेगळे वाटतील."

"म्हणजे ज्या उन्हाने पोसलं, त्यानेच डोळा खाल्ला म्हणा की," असं म्हणून मावशी हसली होती. एकटीच.

ते किरण अडवणारा पिवळसर चष्माही करून पाहिला. त्यातून काळा आणि गडद निळा एकच दिसायला लागले. तो फळीवर गेला.

"तुम्ही दोघं एक झालात," मावशी म्हणाली. "थांबा, हातच्या कांकणाला आरसा कशाला? तू तिकडे तोंड कर गं. आणि तू, या खांद्याला जुळेल तो दोरा डब्यातून काढ. मग ती काढेल."

खरी रीत म्हणजे कोटाच्याच आतल्या शिवणीतून दोरा ओढून घ्यायचा. पण शिवणीला ऊन लागलेलं नसतं, ती नव्यासारखी गडद; खांदा मात्र उन्हाने विटलेला. अशा वेळी डब्यातल्या काळ्या दोऱ्यांतून जुळणारा निवडावा लागतो, आणि गल्लीत ती नजर एकट्या मावशीची.

लाँड्रीवाल्याने उलटसुलट बघून एक रीळ काढलं, मावशीला दाखवलं, परत डब्यात मिसळलं. मग सून वळली. तिने फार वेळ लावला नाही.

रीळ तेच होतं.

मावशीने ते कोटावर ठेवलं. कोट काळा आणि दोरा जांभळट, विझलेल्या राखेसारखा.

"हा?"

"हाच, आई."

"थट्टा करतेस माझी?"

सुनेने मान खाली घातली. ती थट्टा करणारी नव्हती. घरात हसायला कुणी नाही, अशी तक्रार खुद्द मावशीच सगळ्यांकडे करायची.

लाँड्रीवाला चुळबुळला. "मावशी, मला वाईट वाटतं हो. पण चौकात एकजण आता मशीनवर रफू करतो. त्याचा दिसतो, नाही असं नाही. पण निदान सगळ्यांना सारखा दिसतो. पुढची कामं मी—"

"बस तिथे," मावशी म्हणाली. "कोट घेऊनच जा."

तिने आपला रफू स्वतः उसवला. सुनेने सुई ओवून हातात दिली आणि मावशी कामाला लागली. एक धागा वर, एक खाली, ताण सारखा, टाका केसासारखा. हात चुकत नव्हता. पण प्रत्येक टाक्यासरशी काळ्या कापडावर जांभळट डाग वाढत चालला, खरचटल्यासारखा. असला रंग घेऊन सून पुढ्यात आली असती, तर मावशीने तिच्या पाठीत धपाटा घातला असता.

दोरा तोडून तिने कोट पुढे केला. लाँड्रीवाल्याने तो उन्हात धरला, तिरका केला, जवळ नेला, लांब नेला.

"अरे वा! भोक कुठे होतं, तेच मला सापडेना!"

"खरंच दिसत नाही, आई," सून म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मावशीला तिच्याकडे बघवेना.

दोघंही त्या खांद्याकडे बघत होती. तिथे काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं मावशीने केलं होतं. ते बघायला मिळणार नव्हतं फक्त तिला. आजही नाही आणि यापुढेही नाही.

"घडी नीट घाल," ती म्हणाली. "चुरगाळलास तर तंगडी मोडीन."

तो कोट हातावर टाकून निघाला. भर उन्हाच्या गल्लीत पार वळणापर्यंत तिला तो डाग दिसत राहिला.

सुनेने पुढचं काम समोर ठेवलं. पांढरी शाल होती, कडेला कसर लागलेली. सून रिळं लावून बघू लागली. एक ठेवलं, दुसरं उचललं, थबकली, सासूकडे बघून अवघडली.

"आई, हा चालेल?"

मावशीने दोऱ्याकडे पाहिलं नाही. तिने नुसता हात पुढे केला.