पंढरीची रडणारी होडी

सकाळी सातलाच गोदाकाठी रांग लागायची. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात रिकामी बाटली. मुदखेडहून, भोकरहून, थेट जळकोटहून जीपा भरून माणसं येत होती. पाहायचं काय, तर ताडपत्रीखाली झाकलेली जुनी लाकडी होडी. ऐन जानेवारीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, ती रडत होती. ताडपत्रीचं टोक उचललं की आतून थेंब टपटपत.

होडी पंढरीची. तीस वर्षं त्यानं आमच्या गावाला नदीपार केलं, पुरात अडकलेली माणसं काढली. दिवाळीनंतर तो अचानक गेला. बायको तुळजाबाईनं होडी काठावर ओढून घेतली, वर ताडपत्री टाकली आणि दोरीनं चारी बाजूंनी आवळली. पावसाळ्यापर्यंत होडी सुखरूप राहावी, एवढाच तिचा हेतू. महिन्याभरानं डोकावून पाहिलं, तर आत सगळं ओलं.

त्याच आठवड्यात अंबरीश महाराज उगवले. पूर्वाश्रमी ते इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायचे. त्यांनी एक थेंब जिभेला लावून निदान केलं. पंढरीचा आत्मा होडीत अडकलाय. बायकोनं नीट निरोप दिला नाही म्हणून रडतोय. हे अश्रू सांधेदुखीवर गुणकारी, मधुमेहावरही, फक्त डॉक्टरांच्या गोळ्या सोडाव्या लागतील. आत्म्याला वारा सोसत नाही, म्हणून ताडपत्रीच्या कडा ओल्या मातीनं लिंपायच्या. त्याला तहान लागते, म्हणून होडीत रोज घागरभर पाणी ओतायचं.

पाणी ओतल्यावर पंढरी दुप्पट रडू लागला. महाराजांचा शब्द खरा ठरला.

तुळजाबाईचं जेवण सुटलं. ती दिवसभर होडीपाशी बसून नवऱ्याची माफी मागायची.

भक्तांच्या ओढाओढीत ताडपत्री फाटली, तेव्हा नवी शिवायला महाराजांनी मुदखेडच्या खाजामियाँना बोलावलं. चाळीस वर्षं ट्रकच्या आणि मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, मालाच्या ताडपत्र्या शिवणारा माणूस. माप घेताना त्यांनी होडीची एक फळी अंगठ्यानं दाबली. अंगठा आत रुतला. माप तसंच टाकून ते तुळजाबाईपाशी येऊन बसले.

"बाई, होडी सडून राहिली. येत्या पुरात हिच्यात जो बसंल, तो बुडंल."

"मंग ते रडून राहिले, ते?"

"कुणी रडत न्हाई. ताडपत्रीला घाम सुटलाय."

महाराज हसून म्हणाले की, शिंप्यानं आत्म्यात सुई घालू नये. खाजामियाँनी वाद घातला नाही. दोन-तीन दिवसांसाठी होडी हाती द्याल का, एवढंच त्यांनी तुळजाबाईला विचारलं. महाराजांनी शापाची भाषा केली. तुळजाबाई उठली आणि तिनं स्वतःच दोरी सोडली.

खाजामियाँनी होडीतलं पाणी उपसलं, तळ पुसला, दोन दिवस उन्हात वाळवला. मग होडी विटांवर चढवली. मध्ये आडवा बांबू बांधून नवी ताडपत्री छपरासारखी उतरती टाकली. दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी ठेवली. फाटकी ताडपत्री ठिगळ लावून शेजारच्या ओलसर रिकाम्या जमिनीवर चार खुंट्यांवर ताणली आणि तिच्या कडा मातीनं बुजवल्या.

दुसऱ्या सकाळी होडी कोरडी ठणठणीत होती. रिकाम्या जमिनीवरची ताडपत्री मात्र धो धो रडत होती.

"हितं कोण मेलंय, महाराज?" खाजामियाँनी विचारलं.

ही साक्षात धरणीमाता रडतेय, असं महाराज म्हणाले. रांगेतल्या दोघांनी तेही पाणी बाटलीत भरून घेतलं. बाकीचे हसले आणि महाराज दुपारच्या जीपनं लातूरकडे निघून गेले.

खाजामियाँनी मग सगळ्यांना समजावलं. ओल्या तळातली वाफ दिवसा वर चढते. तिला बाहेर पडायला वाट नसते. पहाटे ताडपत्री गार पडली की तीच वाफ थेंब होऊन खाली येते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणालाही असंच पाणी सुटतं; तिथं कुणी नारळ फोडत नाही.

"म्हंजी मी त्यांना तरास दिला न्हाई," तुळजाबाई म्हणाली.

"न्हाई, बाई."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. वीरण्णा सुतारानं सडलेल्या तीन फळ्या बदलल्या. ऑगस्टच्या पुरात त्याच होडीनं पलीकडच्या वस्तीवरची अकरा माणसं सुखरूप आणली.

तेव्हा झाकून ठेवलेल्या वस्तूला वारा लागू द्या. आणि दुःखातल्या माणसाला दोषी ठरवून कुणी तीर्थ वाटू लागला, तर ओंजळ पुढं करण्याआधी विचारा, हे पाणी आलं कुठून?