पैलवानाच्या पोटऱ्या

जिना चढताना शामू कठड्याला का लोंबकळतो, या एका काळजीनं त्याच्या आईच्या, बेबीच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. हे ती सांगू बघत होती डॉक्टरीणबाईंना; मी त्यांच्या थर्मासमध्ये बर्फावर बसून ऐकलं. मी कुपी बोलतेय, भूल देताना स्नायू ढिले करणाऱ्या औषधाची. आणि आधीच सांगते, मी चिडलेली आहे.

कुठल्याशा कारखान्यात मला काचेत भरलं, वर रबरी बूच ठोकलं आणि बजावलं, थंडीत राहायचं. तेव्हापासून माझा जन्म गारठ्यात चाललाय. डॉ. विद्युल्लता बेळगावला राहतात. गावोगावच्या लहान दवाखान्यांत ऑपरेशन असलं की भूल द्यायला जातात. निपाणीच्या बसमध्ये मांडीवर थर्मास बघून कंडक्टर विचारतो, "काय बाई, कुल्फी काय?"

कुल्फी नव्हे रे बाबा. मी शिरेतून गेले की अंगभर मुंग्या धावल्यासारखे स्नायू फुरफुरतात, मग सगळं सैल पडतं. जबडा सुटतो, श्वासाची नळी घालता येते. थोड्या वेळानं मी विरून जाते. चांगलं काम आहे माझं. मला त्याची लाज नाही.

पण स्नायूंच्या आत पोटॅशियम भरलेलं असतं, आणि मी गेले की त्यातलं थोडं रक्तात सांडतं. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. ज्याचे स्नायू आतूनच झिजत चाललेत, त्याच्या रक्तात मात्र ते धो धो येतं आणि हृदय जागच्या जागी थांबतं. असं एक पोर दूर कुठंतरी टेबलावरच गेलं, हे बाईंनी डॉक्टरांच्या मासिकात वाचलं होतं. लोक म्हणाले, औषध बाधलं. औषध! त्या पोराच्या पायांकडं आधी कुणी बघितलं होतं का?

शामूच्या पायांकडं तर सगळं गाव बघत होतं. सहा वर्षांचं पोर, पण पोटऱ्या अशा टच्च की येणारा-जाणारा थोपटून जायचा. आजोबा भरमू आप्पा जुने पैलवान. ते रोज तेल लावून त्या चोळायचे, तालमीत नेऊन बैठका घालायला लावायचे. दोन बैठकांत पोर मातीत बसायचं. "आळशी हाय बेनं," म्हणून आप्पा बदामाचं दूध वाढवायचे.

आणि आता त्याला निपाणीच्या दवाखान्यात टॉन्सिल काढायला आणलेलं.

"आधीचा काही आजार?" बाईंनी विचारलं.

"आजार? आवं डाक्टरीणबाई, पोटऱ्या बघा की! त्या गळ्यातल्या गाठी तेवढ्या काढा. पुढच्या जत्रंत आखाड्यात उतरिवतो."

"बाई, पण जिना चढताना तो..." बेबी पुटपुटली.

"गप गं. लई शिकलीस न्हवं, म्हणून सगळीकडं रोग दिसतोय तुला."

वाक्य तिथंच तुटलं. बर्फावर बसून माझा संताप झाला. पैलवानाला पोटरी कळते, आणि पोर दिवसातनं कितीदा पडतं ते कळत नाही?

आतून निरोप आला, सर्जनसाहेब हात धुऊन उभे आहेत. बाई उठल्या. मी घाबरले. पुढची सुई माझ्यातच बुडणार होती.

बेबीनं त्यांचा पदर धरला. "माझंच डोकं फिरलं असंल बाई. ह्याला दात उशिरा आले तवाबी मी रडून घर डोक्यावर घेतलेलं. आता त्याच दातांनी मला चावतोय. पण बाई, हा पळत न्हाय हो. पळतोय असं वाटतं, पण पळत न्हाय."

बाई थांबल्या. खाली बसून त्यांनी त्या पोटऱ्या दाबल्या, रबरासारख्या घट्ट. मग म्हणाल्या, "शामू, फरशीवर बस बघू. शाबास. आता ऊठ."

शामू पालथा झाला. हातापायांवर आला. ढुंगण वर केलं, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा ढकलत ढकलत उभा राहिला.

"उठला की!" आप्पा म्हणाले.

"उठला नाही आप्पा, स्वतःच्याच अंगावर चढून आला. ही ताकद नव्हे. आतले स्नायू झिजतायत, त्यांची जागा चरबी घेतेय. माझं नेहमीचं औषध दिलं असतं तर..." पोर ऐकतंय हे बघून बाईंनी जीभ आवरली आणि थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. "ऑपरेशन आज नाही. आधी बेळगावला तपासण्या."

"आसल्या पोटऱ्यांत रोग? आवं, कुणाला सांगताय..."

"आप्पा," बेबी म्हणाली, "आता तुम्ही गप बसा."

सुनेच्या तोंडून आप्पांनी हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते भिंतीला टेकले.

मी अजून भरलेलीच आहे. बर्फाचं पाणी होत आलंय, फुकट गेले तर जाऊ दे. मला विष म्हणू नका, अमृतही म्हणू नका. मला टोचण्याआधी पोराला जमिनीवरनं उठवून बघा, आणि त्याच्या आईचं वाक्य पुरं होऊ द्या. एवढंही जमत नसेल तर मला हात लावू नका.

बाई बेबीला आजाराचं नाव कसं सांगावं या विचारात होत्या. शामूनं एकेकाचं तोंड बघितलं. आपलंच काहीतरी चुकलं असं त्याला वाटलं असणार.

"आई," तो म्हणाला, "परत बसू? आता हात न लावता उठतो."