माझ्या नावाची दुसरी सिस्टर

मुलांच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरला सगळे ताईच म्हणत. एका सकाळी ती बाळाच्या हाताला सलाइन लावत असताना दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांनी तिचं नाव विचारलं, तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "ती तुम्ही नव्हता."

एका खाजगी दवाखान्यात या काकांच्या बायकोला चुकीचं इंजेक्शन दिलं होतं. दंड सुजला, शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा कुठे हात वाचला. टोचणाऱ्या बाईच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ताईचं नाव होतं आणि नोंदणी क्रमांकही ताईचाच. काकांनी नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार केली, तिथून या हॉस्पिटलचा पत्ता मिळाला. ते भांडायलाच आले होते.

ताईने त्या दवाखान्याची पायरीही कधी चढलेली नव्हती. मग हळूहळू तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मागे परदेशातल्या नोकरीसाठी एका एजंटाचा फोन आला होता. माणूस कसा, तर साखर पेरत बोलणारा. त्याने मागितलं ते तिने सगळं पाठवलं: प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो, सही. मोबाइलवर आलेला ओटीपीसुद्धा वाचून दाखवला. नोकरी आली नाही, एजंटाचा फोन बंद झाला आणि आपलं हसं नको म्हणून तिने तो विषय गिळून टाकला.

पोलिसांनी तक्रार नोंदवली, पण तपासाला वेळ लागेल म्हणाले. कौन्सिलने उलट तिलाच विचारलं, की तुमची नोंदणी रद्द का करू नये? नवरा म्हणाला, गप्प राहा, वकील बघू. ती गप्प राहिली नाही. सुट्टीच्या दिवशी युनिफॉर्म घालून, काकांना सोबत घेऊन, ती त्या दवाखान्यात गेली.

काउंटरमागे एक तरुण मुलगी बसली होती. तिच्या बिल्ल्यावर ताईचं नाव होतं. ताईने आपला बिल्ला तिच्यासमोर धरला, तशी मुलीचा चेहरा पांढरा पडला. ती पुटपुटली, की बिल्ला डॉक्टरांनीच दिला. तिचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं, घरी अडचण होती.

"अडचण मला कळते," ताई म्हणाली. "पण टोचणारा हात तुझा आणि अडकणारी मान माझी, हे कसं चालेल? काढ तो बिल्ला."

मुलीने काढला. एवढ्यात डॉक्टर बाहेर आले. आत बसून बोलू म्हणाले. तुम्ही इथे अधूनमधून येत होता एवढंच सांगा, बाकी मी सांभाळतो, असंही हळूच सुचवलं. ताई आत गेली नाही. बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या मधोमध बसली, पोलिसांना फोन लावला आणि ते येईपर्यंत शेजारच्या प्रत्येकाला काय घडलं ते सांगत राहिली. बाक रिकामे होत गेले. डॉक्टर निसटू नयेत म्हणून काका दारात उभे होते.

दवाखान्याला टाळं लागलं. एजंट काही सापडला नाही. कौन्सिलने ताईला निर्दोष ठरवलं, पण तिथल्या साहेबांनी सल्ला दिला, की हा क्रमांक बदनाम झालाय, नवा घ्या आणि मोकळ्या व्हा.

"चोर घरात शिरला म्हणून मी घर सोडू?" ताईने विचारलं. "हा क्रमांक मी शिकून मिळवलाय. तो माझ्याकडेच राहील. तुमच्या नोंदवहीत त्याच्यापुढे काय शेरा लिहायचा ते तुम्ही बघा."

क्रमांक तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या खोलीत तिने सगळ्या सिस्टरांना स्वतःची चूक पहिल्यापासून सांगितली. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी बँकेचं नाव घेतलं तरी. कागदाची प्रत द्यायचीच तर ती कशासाठी दिली ते तिच्यावर आडवं लिहायचं. नोकरी देणारा खरा आहे का, ते आपण स्वतः शोधलेल्या नंबरवर विचारायचं. हसायचं ते हसून घ्या, असंही ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातली नवी सिस्टर कपाकडे बघत हळूच म्हणाली, "ताई, मी परवाच एका एजंटाला सगळं पाठवलं."

"मग रडत बसू नकोस," ताई म्हणाली. "पर्स घे. आधी पोलीस, मग कौन्सिल. मी येते."

दोघी अर्धा चहा तसाच टाकून निघाल्या.