लाल खुणेची बारा अंडी

शहरातून येणाऱ्या मायक्रोबसमधून शुरूक उतरली ती दोन्ही हातांनी टोमॅटोचा क्रेट छातीशी धरून. क्रेटभोवती आईचं जुनं ब्लँकेट गुंडाळलेलं, आणि उन्हाळा तर असा की कालव्यातल्या म्हशी दुपारी पाण्याबाहेर यायचं नाव घेत नव्हत्या. उबवणीघराच्या दारात बसलेल्या मुअल्लिम बय्यूमीने, म्हणजे तिथल्या उस्तादाने, लेकीकडे पाहिलं, मग ब्लँकेटकडे पाहिलं, आणि आत अंडी आहेत हे न विचारताच ओळखलं. इतकं जपून माणूस एक तर तान्हं मूल आणतो, नाही तर अंडी. आणि शुरूकचं लग्न अजून व्हायचं होतं.

"किती?"

"चोवीस. बदकाची."

"चोवीस अंड्यांसाठी एवढ्या उन्हात आलीस? माझ्याकडे आत सहा हजार आहेत."

पण ब्लँकेट उघडल्यावर त्याची थट्टा जिभेवरच राहिली. प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर नखाएवढी खिडकी कापलेली होती आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी. बारा अंड्यांवर हिरवी खूण, बारांवर लाल.

"हे काय करून ठेवलंस, पोरी? फुटकं अंडं मी शेजारणीला फितीरच्या पोळ्या करायलासुद्धा देत नाही."

"फुटकी नाहीत, बाबा. जिवंत आहेत. विद्यापीठात रोज दुपारी दोन-दोन तास वीज जाते, उबवणीचं यंत्र थंड पडतं. नव्वद अंड्यांवर हात चालवला तेव्हा ही चोवीस जगली. ही गेली तर या वर्षी प्रबंधासाठी मला दाखवायला काही नाही, आणि काही दाखवलं नाही तर माझी जागा दुसऱ्या कुणाला देतील." तिने घाम पुसला आणि हसली. "यंत्राला वीज लागते. तुमच्या पापणीला काही लागत नाही."

बय्यूमीही हसला. हसणं भाग होतं.

त्याच्या घराण्यात उष्णता मोजायला पापणीच वापरत. मातीच्या विटांच्या घुमटाखाली, रॉकेलच्या दिव्यांनी तापवलेल्या खोल्यांत मुअल्लिम रांगत शिरायचा, एक अंडं उचलून मिटलेल्या डाव्या पापणीवर टेकवायचा आणि सांगायचा: एक दिवा कमी करा, किंवा दार जरा उघडा. त्याचा बाप असंच करायचा, आजाही. एक्केचाळीस वर्षं बय्यूमीच्या पापणीने केसभर फरक पकडला होता. पण खरी गोम पुढेच होती. गेल्या हिवाळ्यात त्याच्या कपाळावर आणि डाव्या डोळ्यावर नागीण उठली. फोड वाळले, खपल्या पडल्या, आणि पापणी मात्र उकडलेल्या कातडीसारखी बधिर होऊन राहिली. उजव्या पापणीला गरम आणि गार एवढंच कळत होतं. त्यामधलं काही वाचायला तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार महिन्यांत दोन घाणे वाया गेले, तेव्हा एकदा त्याने रॉकेलला शिव्या दिल्या आणि एकदा गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या कोंबड्याला.

"मी बरोबर एक तापमापक आणलाय," शुरूक चाचरत म्हणाली. "नुसता कोपऱ्यात ठेवू का?"

"ठेव की. आणि उद्यापासून गल्लीवाल्यांना सांग, बय्यूमी आता नळी बघून अंडी उबवतो."

तिने तापमापक मुकाट्याने पिशवीत परत टाकला. त्या नळीला हो म्हणायची एवढी सोपी संधी देवाने समोर आणून ठेवली होती, आणि हा गडी ताठ्यात बसला. पुढे जे झालं त्याला दुसरं तिसरं कुणी जबाबदार नाही.

जेवताना मुलूखियाच्या पातळ भाजीत पावाचा तुकडा बुडवत शुरूकने आईबापाला आपलं काम समजावलं. आई हिकमत तिची प्रत्येक गोष्ट लक्ष देऊन ऐकायची, आणि ऐकून झालं की त्यातून आपल्याला हवं तेच काढायची.

"अगदी सुरुवातीला गर्भाच्या पाठीवर एक शिवण असते," शुरूक म्हणाली. "त्या शिवणीतून पेशी सुटतात आणि चालायला लागतात. कुणी तोंडाकडे जाऊन चोचीचं हाड होते. कुणी कातडीत जाऊन रंग होते. कुणी मज्जातंतू होते. सगळ्या निघतात एकाच शिवणीतून."

"मग त्यांना सांगतं कोण, तू हाड हो आणि तू रंग हो म्हणून?" बय्यूमीने विचारलं.

"तेच तर शोधतेय. निघतानाच ठरलेलं असतं, की पोचल्यावर आजूबाजूच्या पेशी सांगतात?"

"आजूबाजूचेच सांगतात," हिकमत म्हणाली. "या गल्लीत कुणाचं काय व्हायचं ते शेजारणीच ठरवतात. तुझं लग्नसुद्धा त्यांनी तीनदा ठरवलंय."

"आई, मी लाव्या पक्ष्याच्या पेशी काढून बदकाच्या गर्भात बसवल्यात. हिरव्या खुणेच्या अंड्यांत पेशी शिवणीतून निघायच्या आधी उचलल्या. लाल खुणेच्या अंड्यांत चालायला लागल्यावर, वाटेतून. आता बघायचं, बदकाच्या पिल्लाला चोच कुणाची येते. लाव्याची आली तर समजायचं, पेशी आपला विचार बरोबर घेऊन आल्या. आणि कोणत्या तासापर्यंत त्यांना वळवता येतं, हेही कळेल."

"लाल जास्त अवघड होती?"

"खूप. चालणारी पेशी पकडायची म्हणजे... ती बारा मी जिवापाड जपलीत."

बय्यूमीने हे नीट लक्षात ठेवलं. आणि त्याने केलं काय, तर घराण्याच्या रीतीप्रमाणे लाल बारा अंडी मानाच्या जागी ठेवली: वरच्या खोलीत, मधोमध, दिव्यांच्या सगळ्यात जवळ. गावच्या उमद्याची, म्हणजे मुखियाची, अंडी आली तरी तिथेच ठेवली जायची. हिरवी बारा खाली, भिंतीलगतच्या कोंड्यावर. शुरूक तेव्हा आईजवळ पुदिन्याचा चहा घेत बसली होती. कोणतं अंडं कुठे ठेवायचं हे बापाला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

एकच गोष्ट तिने बजावून सांगितली होती: ही अंडी फिरवायची नाहीत, खिडकी वरच राहिली पाहिजे. दिवसातून तीनदा अंडी फिरवण्यात ज्याचा जन्म गेला त्याचे हात किती शिवशिवले असतील! पहिल्या दिवशी तर त्याने हात पायघोळ जलाबियाच्या खिशात खुपसून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक हिरवं अंडं आणि तिचं भिंग घेऊन त्याला दारातल्या उजेडात बसवलं.

"वाका. खिडकीतून बघा."

बय्यूमीने लाखो पिल्लं काढली होती. दिव्यासमोर अंडं धरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा त्याने रोज पाहिल्या होत्या. पण आत, मोहरीएवढं लाल टिपूस स्वतःहून उडतंय, थांबत नाही, हे त्याने कधीच पाहिलं नव्हतं. पंख नव्हते, चोच नव्हती, पिल्लू म्हणावं असं जवळजवळ काहीच नव्हतं, आणि काळीज मात्र कामाला लागलेलं.

"सुभानल्ला," तो हळूच म्हणाला. "अजून घर बांधून झालं नाही आणि हा कामावर हजर."

"आणि या घटकेला आत पेशी चालताहेत, बाबा. आपल्याला दिसत नाही एवढंच."

तो बराच वेळ वाकून राहिला. मग आत जाऊन त्याने वरच्या खोलीतलं एक लाल अंडं उचललं आणि डाव्या पापणीला लावलं. काहीच कळलं नाही. उजवीला लावलं; ती म्हणाली, गरम नाही. गरम नाही म्हणजे काय? बरोबर आहे की गार आहे? जे आताच डोळ्यांनी पाहिलं होतं ते गारठून थांबेल या भीतीने त्याने वर आणखी एक दिवा ठेवला. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

पाचव्या दिवशी सकाळी शुरूक भिंग आणि वही घेऊन दाराबाहेर बसली. तो एकेक अंडं आतून आणून देई, ती बघून परत देई. हिरवी बाराही जिवंत. मग लाल. पहिल्या अंड्यावर ती बराच वेळ वाकून राहिली. दुसरं. तिसरं. बाराव्यानंतर तिने भिंग खाली ठेवलं.

"सगळी गेली," ती म्हणाली.

बय्यूमी चौकटीला धरून उभा होता. आता ही रडेल, असं त्याला वाटलं. ती रडली नाही. तिने वहीचं पान मागे उलटलं, पुढे उलटलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काही वेगळंच यायला लागलं.

"बाबा, बारापैकी बारा. आणि हिरवी बारापैकी शून्य. माझा हात चुकला असता तर इकडची चार गेली असती, तिकडची तीन. इतकं स्वच्छ कधी होत नाही." ती उठून उभी राहिली. "म्हणजे चालायला लागलेली पेशी वाटेतून उचलली की नुसती चोच बदलत नाही, गर्भच जगत नाही! हे कुणालाच माहीत नाही, बाबा. मी मेलेली अंडी बघून रडणार होते, आणि हा तर निकाल आहे. मोठा निकाल!"

तिने तिथेच डॉक्टर मुशीरांना, आपल्या गुरूंना, फोन लावला. बय्यूमीला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. पण लेकीचे डोळे कसे चमकताहेत ते दिसत होतं. "हो डॉक्टर... हो, सगळी, एकाच वेळी... आज रात्रीच लिहायला बसते."

तो आत गेला आणि त्या मानाच्या जागेपुढे, जास्तीच्या दोन दिव्यांसमोर, गुडघ्यांवर बसला. मनात हिशोब उघड होता. गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडत होतं? पोरीचं नाव होणार होतं. त्याचं नाव शाबूत राहणार होतं. बारा अंडी काही परत जिवंत होणार नव्हती. पण ती ज्याच्यावर रात्रभर लिहिणार होती तो तिचा निकाल नव्हता. ते त्याचे दोन दिवे होते. आणि परगावची कुणी पोर उद्या ते वाचेल, खरं मानेल, आणि वाटेतल्या पेशींना हात लावायचीच नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही. पण उजाडेपर्यंत किती माणसं अंधारात चाचपडतात, ते कोण मोजतं?

तो बाहेर आला. "शुरूक, ते लिहू नकोस."

"का?"

"ती गरमीने मेली. मी वर दोन दिवे वाढवले. लाल अंडी वर दिव्यांजवळ होती, म्हणून लालच मेली. तुझ्या पेशींचा काही दोष नाही."

तिला एकदम समजलं नाही. "पण तुम्ही पापणी लावून..."

"पापणी मेलीय. नागीण झाली तेव्हापासून. मला त्या बाजूला निखारा लावलास तरी कळायचं नाही."

"हिवाळ्यापासून?" तिचा आवाज चढला. "म्हणजे मी तापमापक काढला तेव्हा तुम्हाला माहीत होतं? माहीत असून मला टोमणा मारलात? नव्वदातली बारा होती ती, बाबा! आणि आता डॉक्टरांना फोन करून... मी मूर्खासारखी नाचत होते, आणि तुम्ही इथे उभे होता!"

"उभा होतो."

हिकमत आवाज ऐकून उंबऱ्यावर आली होती. तिने एकदा नवऱ्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं.

मग शुरूक खाली बसली आणि वही मांडीवर घेऊन लिहायला लागली. बय्यूमी तिच्या खांद्यावरून वाचत होता. तिने लिहिलं: दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान वरच्या खोलीचं तापमान वाढलं.

"आपोआप वाढलं का?" तो म्हणाला. "कुणी वाढवलं ते लिही."

"'मानवी चूक' असं लिहितात, बाबा."

"मानव म्हणजे कोण? आत मी एकटाच होतो."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. राग अजून गेलेला नव्हता. "तुमचं नाव लिहिलं तर ते माझ्या प्रबंधात जाईल. छापलं जाईल. इथला कुणीही वाचू शकेल."

"माहीत आहे."

तिने त्याचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या आणि आजाच्या नावासकट. पापणी कधीपासून बधिर, कोणत्या दिवशी किती दिवे, अंडी कुठे ठेवली होती आणि तिथेच का, हे सगळं तिने एकेक करून विचारलं आणि त्याने एकेक करून सांगितलं. वाया गेलेले दोन घाणेही त्याने सांगितले. ते तिने विचारले नव्हते. लिहून झाल्यावर तिने वही त्याच्यापुढे फिरवली. त्याने सही केली.

मग तिने पुन्हा फोन लावला.

"डॉक्टर, सकाळचं विसरा. निकाल नाही. लाल अंडी उष्णतेने गेली... नाही, शंका नाही. मला सगळं पहिल्यापासून करावं लागेल." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कसं कळलं म्हणजे? माझ्या वडिलांनी सांगितलं."

एक्केचाळीस वर्षांत बय्यूमीच्या पापणीचं कौतुक खूप लोकांनी केलं होतं. पण 'माझ्या वडिलांनी' हे शब्द लेकीच्या तोंडून इतक्या अभिमानाने उच्चारलेले त्याने आज पहिल्यांदा ऐकले.