तारादेवीच्या दारावरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. आधीच सांगतो, मी कोणावर विश्वास ठेवत नाही. तुमच्यावरही नाही.

नेपाळातल्या पाटण गावी, ओताऱ्यांच्या गल्लीत माझा जन्म झाला. आधी मेणाचे रूप, त्यावर माती, मग आगीत मेण वितळले आणि त्या पोकळीत पितळ ओतले. त्याच भट्टीत तारादेवीची तांब्याची मूर्ती घडली. तिला सोन्याचा मुलामा मिळाला, मला तिच्या दारावरची नोकरी.

मी डोळ्यांत तेल घालून राखण केली. फोटो काढणारे पाहुणे, बोटांनी उंची मोजणारे ओतारी, उगाच घुटमळणारी कबुतरे, सगळ्यांचा मला संशय यायचा. एक अष्टमान शाक्य तेवढे आवडायचे. इथे पूजेची पाळी दरवर्षी घराघरांतून फिरते. त्यांच्या पाळीत त्यांनी देवीला नव्या मुलाम्यासाठी नेले, वीस दिवसांनी झळाळती परत आणली आणि मला मोहरीचे तेलही घातले. पुढे बारा वर्षे ते रोज सकाळी यायचे आणि आत न बघता दाराला हात जोडायचे. मला वाटायचे, माझाच मान ठेवतात.

पाळी बदलताना समया, मुकुट, ताटे सारे मोजून घेतात. देवीला मात्र कोणी उचलत नाही. देवाला उलटे करून तपासायचे म्हणजे पाप!

यंदा भूकंपात देवी कलंडली, तिचा हात वाकला. पाळी पूर्णरत्नची होती. जिच्या घडवणाऱ्याचा नातू अजून भट्टी चालवतो, तिला दुसऱ्या कोणाकडे कशाला न्यायची? त्याने त्या नातवाला, हेराकाजीला बोलावले. हेराकाजीने मूर्तीच्या तळातून आत हात घातला. आलाच चोर, मी मनात म्हटले.

"दादा, किती चाचपताय? गुदगुल्या होतील देवीला," पूर्णरत्न म्हणाला.

"आजोबा मेणात आतून अंगठा दाबायचे. आमच्या घराची खूण. इथं नाहीये."

"झिजला असेल."

"आतून कोण झिजवणार रे? ही आपली तारा नाही."

पूर्णरत्नने दाराबाहेर कोणी आहे का ते पाहिले. "माझ्या पाळीत! लोक मलाच धरतील."

तेवढ्यात अष्टमान आले. नेहमीसारखे दाराला हात जोडले.

"काका, आज आत या. पाया पडा देवीच्या," हेराकाजी म्हणाला.

अष्टमानांचा पाय उंबऱ्यावरच अडला.

"हिच्या पाया कसा पडू?" ते पुटपुटले. "ती मीच विकली."

मित्रांनो, मी जगावर संशय घेतला, पण ज्याच्या हाती किल्ली होती त्याच्यावर कधीच नाही. मला फार लाज वाटते. तुमचे देव माझ्या भरवशावर सोडू नका. वर्षातून एकदा तरी त्यांना उचलून घ्या, आतून हात फिरवा, ओळख ठेवा. मी बारा वर्षे रिकाम्या घराची राखण केली.