कृष्णीचं पुस्तक

कापसाच्या गाड्या जालन्याच्या सरकी काढायच्या जिनांकडं लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. दुर्गाबाई सकाळी शाळेचं कुलूप काढायला आल्या तर पायरीवर सगुणा बसलेली. केसांत कापूस, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. दोन वर्षांपूर्वी हीच पोर सहावीत पहिल्या रांगेत बसायची. आई नसलेली. बाप पुंजाराम आष्टीचा, चार बैलांचा शेतकरी. त्यानं लेकीला जालन्यात बहिणीकडं ठेवून शिकवलं होतं. बहीण वारली, तसं तेराव्या वर्षी तिचं लग्न उरकलं आणि जाफराबादेकडच्या एका गावात तिला देऊन टाकलं.

“कुणासोबत आलीस?” बाईंनी विचारलं.

“एका गाडीवाल्याच्या बायकूसंगं. तिला म्हणलं, जालन्यात माझी मावशी हाय.” सगुणानं मान खाली घातली. “तुमचंच नाव सांगितलं.”

तिची डावी मूठ मिटलेली होती. बाईंनी ती हळूच उघडली आणि पुन्हा मिटली. तळव्यावर उलथन्याच्या पात्याएवढा डाग होता, अजून ओला.

“आबांना दाखवलंस?”

“दाखवलं. दोन बार गेल्ते आष्टीला. म्हणले, बरं व्हईल. दुसऱ्या बारीला त्यांनीच नेऊन घातलं.” तिनं मूठ पदराखाली घेतली. “बाई, कृष्णी तिसऱ्यांदा गेली ती परत आलीच न्हाई ना. मंग म्या तिकडं न जाता इकडं आले.”

हे ऐकून दुर्गाबाई तिथंच पायरीवर बसल्या.

कृष्णी ही एका कादंबरीतली मुलगी. पुण्याकडं पन्नासेक वर्षांमागं छापलेली कादंबरी. पहिलं पान केव्हाच गळून गेलेलं, म्हणून पोरी तिला कृष्णीचं पुस्तक म्हणायच्या. सासरी छळ सोसणारी अकरा वर्षांची कृष्णी तीनदा माहेरी पळून येते, बाप तीनदा तिला परत पोचवतो, आणि तिसऱ्या खेपेनंतर महिन्याभरात ती मरते. एवढीच गोष्ट. दर वर्षी वरच्या वर्गाला शनिवारी एकेक प्रकरण वाचून दाखवायचं, असा दुर्गाबाईंचा परिपाठ होता. स्वतः त्या सोळाव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. सासरच्या माळवदावर चोरून त्यांनी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं, तेव्हा आपल्यावर जे गुजरतंय त्याला नाव आहे, दुसऱ्या कुणाला ते ठाऊक आहे, एवढं त्यांना कळलं होतं. त्या आधारावर त्या जगल्या, शिकल्या, आणि निजामाच्या राज्यात मराठी मुलींची शाळा चालवायला जालन्याला आल्या. आठ वर्षं घरोघर फिरून, लोकांच्या विनवण्या करून त्यांनी चाळीस पोरी जमवल्या होत्या.

तीन दिवसांत गावभर झालं. मास्तरीणबाई पुस्तक वाचून पोरींना सासर सोडायला शिकवतात. चौथ्या दिवशी शाळेत एकोणीस पोरी होत्या. पाचव्या दिवशी अकरा.

त्या दुपारी हुकमचंद शेठ आले. कापडाचे व्यापारी, शाळा कमिटीचे अध्यक्ष, शाळेची जागाही त्यांचीच. ते कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशीही चढवला नाही.

“बाई, मुलीच्या सासरच्यांनी तालुक्याला दरखास्त दिली. आपल्या शाळेची मंजुरी कशी मिळाली, तुम्हाला ठाऊक हाय. वरून एक कागद आला की बंद. म्या पुंजारामला सांगावा धाडला. तो उद्याच्या गाडीनं येईल. मुलगी त्याच्या हवाली करा, पुस्तक माझ्याकडं द्या, आन् एक माफीनामा लिहून द्या. असं पुस्तक पुन्हा शाळेत वाचणार न्हाई म्हणून.”

“शेठजी, पोर परत गेली तर जगायची नाही.”

“आन् शाळा बंद झाली तर चाळीस पोरी घरी बसतील.”

बाई म्हणाल्या, “या मुलखात किती घरांत हे पुस्तक आहे? माझ्याजवळची ही एक प्रत. आणि सासरी किती पोरी मेल्या, ते तुमच्या दुकानात लुगडी घ्यायला येणाऱ्या बायांना विचारा. त्या मेलेल्या पोरींपैकी कुणी कृष्णीचं नाव तरी ऐकलं होतं का? त्या तर पुस्तक न वाचताच मेल्या.”

शेठजी टोपी हातात घेऊन बसले होते. “म्या वाचलंय ते,” ते म्हणाले. “दहा-बारा वर्षं झाली. डोळ्याला पाणी आलं व्हतं.”

“मग?”

“मंग काय. मला दोन मुली. त्यांना म्या वाचू दिलं न्हाई. त्या परत आल्या असत्या तर काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं.”

दुर्गाबाईंनी माफीनामा लिहिला. दोनदा कागद फाडून पुन्हा लिहिला. सही करताना मनात एकच येत होतं, की आपण विकले गेलो. आणि त्याहून वाईट म्हणजे, लोक म्हणतात ते खरं असेल तर? पुस्तक ऐकलं नसतं तर ही पोर सोसत राहिली असती, कदाचित सासू पुढं निवळली असती, कदाचित. बाई तो विचार पुन्हा पुन्हा करत राहिल्या, आणि दर वेळी त्यांना तो ओला तळवा दिसत राहिला. त्यांनी शेठजींकडं एकच सवलत मागितली. पुंजाराम येऊन जाईपर्यंत पुस्तक शाळेत राहू द्यावं. शेठजी हो म्हणाले.

पुंजाराम दुसऱ्या दिवशी दुपारी आला. स्टेशनावरून पायीच आला असावा, पटक्याखाली घाम निथळत होता. सगुणा भिंतीला टेकून उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

“चल,” म्हणाला. “पाचाची गाडी हाय. रातच्याला घरी राहू, उद्या तुला पोचवतो.”

“पुंजारामभाऊ,” दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता जोर नव्हता, नुसतं मागणं होतं. “न्यायला तुम्हाला कोण अडवणार? पण मी तुमच्या पाया पडते. ज्या पुस्तकामुळं हे झालं म्हणतात, त्याचं एक प्रकरण ऐकून जा. मग मी तोंड उघडणार नाही.”

“मला वाचता येत न्हाई, बाई. मोडी थोडं येतं, हे छापील न्हाई.”

“सगुणा वाचेल.”

शेठजी दारात येऊन थांबले होते. पुंजारामनं त्यांच्याकडं पाहिलं. मग तो ओसरीच्या कडेला टेकला, पाय खाली सोडून, केव्हाही उठायच्या तयारीत.

सगुणा उजव्या हातानं पानं धरून वाचू लागली. दोन वर्षांत सवय मोडली होती. ती अडखळत होती, जोडाक्षरापाशी थांबत होती. बाप कृष्णीला तिसऱ्यांदा पोचवायला निघतो, ते प्रकरण. वाटेत तो तिला गुळाचा खडा देतो. ती खात नाही, पदरात बांधते. नदीपाशी बाप म्हणतो, पोरी, लोक मला काय म्हणतील. ती म्हणते, बाबा, मी काही म्हणत नाही. दारात सासू उभी असते. बाप आत जात नाही, बाहेरूनच वळतो, आणि मागं पाहायचं टाळतो.

सगुणाचा आवाज तिथं थांबला. पुढची दोन पानं कृष्णीच्या मरणाची होती. ती तिनं वाचली नाहीत. तशीच उलटली, आणि शेवटची ओळ वाचून पुस्तक मिटलं.

पुंजाराम बराच वेळ आपल्या पायांकडं बघत होता.

“मेली का ती?” त्यानं विचारलं.

“हो,” दुर्गाबाई म्हणाल्या.

“आन् त्या बापाचं पुढं काय झालं?”

“ते पुस्तकात नाही. पुस्तक तिथंच संपतं.”

“त्यानं काय केलं मंग? कसा राह्यला तो?”

पुंजारामनं पटका काढला, पुन्हा डोक्याला गुंडाळला, त्यात त्याचा बराच वेळ गेला. मग तो उठून सगुणाजवळ गेला आणि तिचा डावा हात पुढं घेतला. मूठ उघडायला ती तयार नव्हती. त्यानं ओढली नाही, नुसती धरून ठेवली.

“ह्यो हात म्या पाहिला व्हता,” तो म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. “दोन्ही बारीला पाहिला व्हता.”

पाचाच्या गाडीनं तो तिला आष्टीला घेऊन गेला. पोचवायला नाही. जाताना बाईंशी एक शब्द बोलला नाही, त्यांच्यावर त्याचा राग असावा असंच दिसत होतं. पुढं सासरच्यांनी दागिने परत मागितले, त्यानं ते दिले. भावकीनं पंगतीला बोलवायचं बंद केलं. सोबत शेतात जाणारी माणसं बांधावरून तोंड फिरवू लागली. चैत्रात सगुणाचं एक कार्ड आलं: ‘आबा माझ्याशी बोलत न्हाईत. पण रोज हाताला तेल लावून देतात. बोटं अजून सरळ व्हत न्हाईत. मला शाळंत येऊ देणार न्हाईत.’

पुढं काही पोरी परत आल्या आणि शाळा राहिली, पण अर्धी. वरचा वर्ग कमिटीनं बंद केला, कारण त्यात मुलीच उरल्या नाहीत. ज्या घरांत पूर्वी दुर्गाबाईंना पाट देत, तिथं दार अर्धवट उघडून आतूनच नाही म्हणत. कित्येक दिवस त्या रिकाम्या वर्गात बसून राहायच्या. एका पोरीसाठी एकवीस पोरी गेल्या, हा हिशेब त्यांना सुटत नसे, आणि एवढं होऊनही सगुणा मिटल्या मुठीनं आष्टीच्या एका खोलीत बसून होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्या हुकमचंद शेठच्या दुकानात गेल्या.

“पुस्तक जाळलं का?”

“न्हाई. कपाटात हाय.”

“मला द्या.”

“बाई, तुम्ही लिहून दिलंय.”

“दिलंय.”

“मंग बिलकुल मागू नका.”

त्यांनी ठाण उलगडायला घेतलं, गिऱ्हाईक नसताना. दुर्गाबाई निघून आल्या. पुढच्या वर्षी, शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, त्या पुन्हा मागायला गेल्या.